‘शाळे’ला ‘साला’ म्हणणारे मूल

प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणाची चर्चा आपल्याकडे पटनोंदणी, गळती, शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि गळकी छपरे यांभोवती फिरत राहते. ती तशी फिरावी, यात वाद नाही. परंतु पटावर नाव लागलेले मूल वर्गात तोंड उघडते तेव्हा त्याच्या बोलण्याचे काय केले जाते, हा प्रश्न आपल्या ठरावांत क्वचितच येतो. प्राथमिक शाळांतून वाचोपचाराचे, म्हणजे शहरात ज्याला स्पीच थेरपी म्हणतात ते काम करणाऱ्या माणसापुढे मात्र रोज हाच प्रश्न उभा असतो. तो जितका वैद्यकीय आहे तितकाच सामाजिक आहे. किंबहुना त्याची सामाजिक बाजू दुर्लक्षिली की वैद्यकीय बाजूही बिघडते, हे मला येथे मांडावयाचे आहे.

मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तामिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ भाषांत चालतात. कागदावर हे चित्र नेटके दिसते. प्रत्येक मुलाला त्याची भाषा मिळाली असे वाटते. प्रत्यक्षात हिंदी माध्यमाच्या वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी भोजपुरी, अवधी वा मैथिली बोलली जाते. २०११च्या जनगणनेत भोजपुरी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्या पाच कोटींहून अधिक लोकांची गणना हिंदीच्याच रकान्यात झाली, आणि शाळेनेही तोच रकाना मुकाट्याने स्वीकारला आहे. मराठी शाळेतही निराळे काही नाही. तेथे आगरी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणारी मुले आहेत. बांधकामावरील मजुरांबरोबर आलेली तेलुगू, कन्नड, बंगाली मुले आहेत. नंदुरबारकडे गेलात तर पावरी आणि मावची, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. गोंडी ही द्राविड कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली भाषा. तेथल्या मुलाला मराठी ही आपल्या बोलीची शहरी बहीण म्हणून भेटत नाही. परक्या कुळातली भाषा म्हणूनच भेटते.

आता एक साधे उदाहरण घेऊ. गवंडीकाम करणाऱ्या भोजपुरी बापाचा मुलगा मराठी शाळेत पहिलीत बसतो. त्याच्या बोलीत ‘श’च्या जागी ‘स’ येतो आणि ‘ळ’ तर नाहीच. त्याच्या जागी तो जवळचा ‘ल’ घेतो. त्यामुळे मराठीतला पहिलाच महत्त्वाचा शब्द, ‘शाळा’, त्याच्या तोंडून ‘साला’ असा निघतो. वर्ग हसतो. एखाद्या गुरुजींना ती शिवी वाटते, एखाद्या बाईंना बोबडेपणा वाटतो. वस्तुतः त्या मुलाच्या जिभेत, टाळूत, कानात वा मेंदूत यत्किंचितही दोष नसतो. आपल्या भाषेचे ध्वनिनियम त्याने अचूक आत्मसात केलेले असतात आणि तेच तो नव्या शब्दाला लावीत असतो. तामिळ घरातले मूल ‘घरा’ला ‘गर’ आणि ‘भाता’ला ‘बात’ म्हणते. बंगाली मूल ‘वही’ची ‘बही’ करते. यांतले काहीही औषधाने, व्यायामाने वा छडीने दुरुस्त करण्यासारखे नाही. नवी भाषा कानांवर पडू लागली, ती बोलण्याचे भय नाहीसे झाले, की पुष्कळसे आपोआप जुळून येते. आणि थोडे जन्मभर राहिले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

परप्रांतीयांचे राहू द्या. ‘पानी’, ‘लोनी’, ‘आनि’ म्हणणारे मूल अस्सल मराठी असते. आगऱ्यांच्या बोलीत ‘काळा’चा ‘काला’ होतो, खानदेशात ‘डोळ्या’चा ‘डोया’ होतो. या उच्चारांना अशुद्ध कोणी ठरविले, आणि ज्यांनी ठरविले त्यांची बोली प्रमाण कशी ठरली, हा इतिहास या पत्राच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांच्या विचारांना उत्तर देण्याऐवजी त्यांच्या व्याकरणाची टर उडविणारी विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी टर उडविली जाई ती मोठ्या माणसाची, आणि तो उत्तर देण्यास समर्थ होता. आज ती सहा वर्षांच्या पोराची उडविली जाते, आणि ते गप्प होते. शिक्षक माझ्याकडे मुलांची जी यादी देतात, तीत उच्चारदोष म्हणून आलेली बरीच नावे अशीच असतात. अशा मुलाला उपचारासाठी बाजूला काढून बसविणे म्हणजे त्याच्या आईच्या भाषेवर रोगाचा शिक्का मारणे होय.

तथापि याची उलट बाजू अधिक घातक आहे, आणि पुरोगामी माणसांना ती सहसा दिसत नाही. भाषाभेदाचा आदर करावा हे एकदा मान्य केले की त्या आदराच्या आड खरा दोष लपून जातो. “त्यांची बोलीच तशी आहे,” “आदिवासी मुले लाजाळूच असतात,” “वस्तीतली पोरे उशिरा बोलतात,” अशी वाक्ये सहानुभूतीने उच्चारली जातात, आणि त्या सहानुभूतीत एखाद्या बहिऱ्या मुलाची तीन-चार वर्षे वाया जातात. कान वाहणे हा झोपडवस्तीतला इतका नित्याचा प्रकार आहे की आया तो आजार म्हणून सांगतही नाहीत. कान वाहत असताना मुलाला ऐकू येते, पण पाण्याखालून ऐकू यावे तसे. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे क्षीण ध्वनी निसटतात, बाईंचा मागच्या बाकापर्यंत पोचणारा अर्धा आवाजही निसटतो. मग मूल ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो. त्यातही ती मुलगी असेल तर शेराही पडत नाही. “पोर गुणी आहे, एका शब्दाने बोलत नाही,” असे तिचे कौतुकच होते. ऐकू न येणारी मुलगी आपल्या समाजाला आज्ञाधारक वाटते.

तेव्हा भेद आणि दोष यांतला फरक ओळखणे हेच या व्यवसायाचे मर्म आहे, आणि ते यंत्राने होत नाही. मूळ कसोटी साधी आहे. खरा दोष मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. नुसता भेद नव्या भाषेतच दिसतो. शाळेत चूप असलेले मूल गल्लीत आपल्या भावंडांशी भांडताना धडाधड बोलत असेल, तर त्याला वाचोपचार नकोत. त्याला समजून घेणारी बाई हवी. नव्या भाषेत शिरलेले मूल कित्येक महिने नुसते ऐकत राहते, हे स्वाभाविकच आहे. शब्द सापडत नाही म्हणून थांबणे निराळे आणि शब्द जिभेवर असून बाहेर न निघणे निराळे. दुसऱ्या प्रकारात ओठ ताणले जातात, डोळे मिटतात, श्वास अडतो. तो तोतरेपणा होय. सहाव्या वर्षी ‘र’ नीट येत नसेल तर थोडे थांबावे. पण टाळू फाटलेली असल्यामुळे बोलणे गेंगाणे होत असेल तर एक दिवसही थांबू नये. (वेखंड मधात उगाळून जिभेला लावण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तिला हसणाऱ्या सुशिक्षितांनी त्या आयांना दुसरा कोणता उपाय परवडेल असा उपलब्ध करून दिला, हेही सांगावे.)

मुलाची भाषा आपल्याला येत नसेल तर आईला विचारावे लागते: इतर भावंडांच्या मानाने हा उशिरा बोलू लागला का? घरात आजीला याचे बोलणे कळते का? निरोप दिला तर पोचवतो का? या तीन प्रश्नांची उत्तरे परक्या भाषेतून भाषांतरित केलेल्या चाचणीहून पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात. परंतु आईला विचारण्यासाठी आई भेटली पाहिजे, आणि ती सकाळी सातला कामावर गेलेली असते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असे नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मेक्सिकन वंशाच्या मुलांची बुद्धिमापनाची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गांत बसविले जात होते. १९७० साली हा वाद न्यायालयात गेला. तीच मुले स्पॅनिशमध्ये तपासली असता बहुतेकांची बुद्धी सामान्य असल्याचे आढळले. मिशिगनमधील ॲन आर्बर येथे गरीब वसाहतीतील कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी शाळामंडळावर दावा लावला. १९७९ साली न्यायालयाने निर्णय दिला की, या मुलांची घरची बोली लक्षात न घेता त्यांना वाचन शिकविणे हे शाळेचे अपयश आहे. पुढे १९८३ साली तेथील वाचोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेच जाहीर केले की इंग्रजीची कोणतीही सामाजिक बोली हा वाणीचा विकार नव्हे. लक्षात घेण्याजोगे हे की, व्यवसायाला हे शहाणपण आपणहून सुचले नाही. गरीब आयाबाप आधी न्यायालयाची पायरी चढले.

आपल्याकडील व्यवस्था पाहावी. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण देण्याची अपेक्षा ‘शक्य तोवर’ या शब्दांची पाचर मारून व्यक्त केली आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, ग्रंथालय, मैदान यांचे निकष आहेत. वाचोपचारतज्ज्ञाचा उल्लेख नाही. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु शाळेच्या वाट्याला हे पथक वर्षातून एकदा येते, त्यात वाचोपचारतज्ज्ञ नसतो. तो जिल्ह्याच्या केंद्रावर असावा अशी योजना आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा तर अजब आहे. त्यात वाणी आणि भाषेच्या दिव्यांगत्वाची व्याख्या ‘कायमचे’ आणि शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेले दिव्यांगत्व अशी केलेली आहे. सात वर्षांच्या तोतऱ्या मुलाचा दोष योग्य वेळी पुष्कळ सुधारता येतो. पण सुधारता येतो म्हणूनच तो या व्याख्येत सहजी बसत नाही. व्यंग कायमचे होईपर्यंत कायदा वाट पाहतो.

शिबिरांविषयीही बोलले पाहिजे. मंडप पडतो, पुढारी येतात, श्रवणयंत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. दोन महिन्यांनी यंत्रातला सेल संपतो. मूल वाढते तसा कानही वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र शिटी मारू लागते. मग ते पेटीत जाते. ऐकायला व बोलायला शिकविण्याचे काम आठवड्यामागून आठवडे, महिनोन्‌महिने करावे लागते. मोलकरणीचे किंवा नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराचे मूल दर आठवड्याला इस्पितळात आणायचे तर दर आठवड्याला एक रोज बुडतो. दोन-तीन खेपांनंतर ती माणसे येईनाशी होतात, आणि नोंदवहीत ‘पालकांची उदासीनता’ असे लिहिले जाते. खाजगी दवाखान्याची वाट तर त्यांना बंदच आहे. म्हणून वाचोपचाराची जागा इस्पितळात नव्हे, शाळेत आहे. प्रत्येक शाळेत स्वतंत्र माणूस नेमणे लगेच जमणार नाही, हे मान्य. परंतु दहा-बारा शाळांच्या केंद्रामागे एक कायम पद निर्माण करणे कोणत्याही सरकारला अशक्य नाही. कायम या शब्दावर जोर एवढ्यासाठी की, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला माणूस वस्तीतल्या भाषा ओळखू लागेपर्यंत त्याची मुदत संपते.

आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या व्यवसायबंधूंना रुचणार नाही. मूल बोलायला मागे पडले की आईबापांना सर्रास सल्ला दिला जातो, “घरी आता एकच भाषा बोला, शाळेचीच बोला.” दोन भाषा कानांवर पडल्याने वाणीचा विकार होत नाही, हे आता पुरेसे सिद्ध झालेले आहे. जिला शाळेची भाषा तुटकच येते, त्या आईने मुलाशी त्या तुटक भाषेत बोलावे, असे सांगून आपण त्या मुलाच्या घरातली एकमेव परिपूर्ण भाषा काढून घेतो. २०२५ साली पहिलीपासून हिंदी लादण्याचा राज्य सरकारचा निर्णय जनमताच्या रेट्यापुढे जूनअखेर मागे घ्यावा लागला, तेव्हा मातृभाषेच्या बाजूने पुष्कळ ओजस्वी भाषणे झाली. पावरी वा कोरकू बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तोच न्याय प्रमाण मराठीला लावण्याची तयारी त्या भाषणांत फारशी ऐकू आली नाही.

आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती मात्र आजच काही आहे. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती नेमली आहे. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. तिच्या बैठकीत दोन मागण्या मांडता येतील. पहिली, जूनमध्ये प्रवेश देतानाच हजेरीपटावर मुलाची घरात बोलली जाणारी भाषा लिहावी, माध्यमाची नव्हे. दुसरी, पहिलीतल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी व्हावी आणि जे मूल पथकाच्या दिवशी गैरहजर होते त्याचे नाव गाळू नये. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेल्यांची मुले नेमकी त्याच दिवशी गैरहजर असतात.