पाकिटातलं चौथं नाव

घरात ओआरएसचं पाकीट आहे का? असेल तर जरा घेऊन या. फाडू मात्र नका हं! नुसती मागची बारीक अक्षरं वाचा.

ओआरएस म्हणजे आपली जलसंजीवनी. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज असतं 13.5 ग्रॅम, सोडियम क्लोराइड म्हणजे रोजचं मीठ 2.6 ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम. आणि चौथं नाव? ट्रायसोडियम सायट्रेट, 2.9 ग्रॅम. झाली बेरीज 20.5 ग्रॅम!

हे चौथे पाहुणे कोण? अहो, लिंबाचे नातेवाईक! लिंबात सायट्रिक आम्ल असतं. झाडाफळांत मिळणारं हे एक सेंद्रिय आम्ल. आम्लातल्या हायड्रोजनची जागा सोडियमनं घेतली की त्याचा क्षार तयार होतो. सायट्रिक आम्लात अशा तीन जागा असतात. तिन्हींवर सोडियम बसला की झालं ट्रायसोडियम सायट्रेट. दिसायला पांढरं, पाण्यात चटकन विरघळणारं, आणि लिंबाचा आंबटपणा पार गेलेला.

गंमत बघायची? पेल्यात लिंबाचा रस घ्या आणि त्यात चिमूट चिमूट खायचा सोडा टाका. फसफस होईल. तो कार्बन डायऑक्साइड. फसफस थांबली की पेल्यात सायट्रेट तयार झालेलं असतं. पण हे औषध नव्हे बरं का! यात काय किती आहे याचा हिशेबच नाही. बघा आणि ओतून द्या.

आता प्रश्न असा, की हा क्षार पाकिटात घातलाच कशाला?

जुलाब झाले की शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात. नुसतं पाणी प्यायलं तर ती तूट भरत नाही. पण आपल्या आतड्यात एक मजेशीर दार आहे. सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आले की ते उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणीही आत शिरतं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांना प्यायला दिला. हजारो जीव वाचले.

जुलाबात रक्तातली आम्लता वाढते. ती आवरायला सोडा होता. पण सोडा आणि ग्लुकोज एकाच पाकिटात, त्यात उष्ण आणि दमट हवा! पूड तपकिरी व्हायची, लवकर खराब व्हायची. म्हणून 1984 साली जागतिक आरोग्य संघटनेनं सोड्याच्या जागी सायट्रेट आणलं. शरीरात गेल्यावर सायट्रेटपासून सोड्याचंच काम करणारा बायकार्बोनेट तयार होतो, आणि पाकीटही जास्त दिवस टिकतं.

हे टिकणं किती महत्त्वाचं, ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यात विचारा. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याच्या डोंगरांवर पाडे विखुरलेले आहेत. सरदार सरोवराचं पाणी नर्मदेत मागे पसरलं आहे, त्यामुळे काठच्या काही पाड्यांवर होडीनंच जावं लागतं. 2020 साली करोनाच्या भीतीनं लोक अंगणवाडीत येईनात, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत 18 किलोमीटरवरच्या पाड्यांवर बाळांना तपासायला जात होत्या. ऐन पावसाळ्यात, जुलाबाच्या दिवसांत, अशा पाड्यावर बाळ आजारी पडलं तर दवाखाना दूर. आशाताईंनी आधीच दिलेलं पाकीट मात्र घरात असतं. ते चांगलं असायला हवं, आणि आपल्याला नीट वापरता यायला हवं.

म्हणून हे नियम घरी सगळ्यांना वाचून दाखवा :

1. पाकीट कोरड्या जागी ठेवा, न्हाणीघरात किंवा चुलीच्या वाफेजवळ नको. तारीख पाहा. फाटलेलं, ओलसर किंवा रंग बदललेलं पाकीट टाकून द्या.

2. हात धुवा. पाणी उकळून गार करा आणि मगच पूड घाला. कालवल्यावर पुन्हा उकळायचं नाही.

3. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं 200 मिलिलिटरचं. पाकिटावर वाचा आणि एका वेळी अख्खं पाकीट वापरा. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होऊन बाळाला धोका. पाणी जास्त झालं तर उपयोग कमी. वरून साखर, दूध, सरबत काही घालू नका.

4. झाकून ठेवा. 24 तासांत संपलं नाही तर ओतून द्या.

5. घोट घोट किंवा चमच्यानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू द्या. आईचं दूध आणि जेवण बंद करू नका.

6. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात राहीना, तर तडक दवाखाना. वाटेतही पाजत राहा.

आणखी एक. गोड पेयांच्या डब्यांवर 'ओआरएस' लिहून ती विकली जात. 2025 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते बंद करायला सांगितलं. तेव्हा दुकानात ती चार नावं आणि त्यांचे आकडे पाहूनच पाकीट घ्या.

आता या रविवारचं काम. एक लिटरची बाटली घ्या, ती भरून घरातल्या पातेल्यात ओता आणि पाणी जिथवर आलं तिथे बाहेरून रंगानं खूण करा. मग आजीला विचारा, 'आजी, आपले किती पेले म्हणजे एक लिटर?' दोघांनी मिळून मोजा. शेजारच्या घरचा पेलाही मोजा बरं का, त्याचा आकडा कदाचित वेगळा येईल!