आरशात पाय दिसत नाहीत

सात महिने मी तत्कार चुकीचा करत होते आणि ते सांगणारं आसपास कुणी नव्हतं.

गोष्ट २०२० च्या टाळेबंदीतली. मी अकरावीला होते, कॉलेज बंद होतं. ताडकळसचं आमचं घर म्हणजे वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. समोरच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्याच्या दाराला आरसा. फोन माठाला टेकवून मी कथकचा पहिला धडा सुरू केला. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आठ मात्रा. व्हिडिओतल्या बाई कमरेपर्यंतच दिसत होत्या, कपाटाच्या आरशात मीही कमरेपर्यंतच. त्यामुळं मी आपली उजवा-डावा, उजवा-डावा अशी आठही वेळा पाय आपटत राहिले, शाळेत पंधरा ऑगस्टला कवायत करतात तशी.

खरा तत्कार तसा नसतो. उजवा, डावा, उजवा, डावा. आणि पाचव्या मात्रेला पुन्हा डावा. मग उजवा, डावा, उजवा. म्हणजे मधे एका जागी तोच पाय सलग दोनदा पडतो, आणि आवर्तन संपून पहिल्या मात्रेवर येताना उजवाही तसाच दोनदा पडतो. एवढा एक फरक. पण पुढं दुगुन, चौगुन, सगळं त्यावरच उभं राहतं. मला हे कळलं ते एका अनोळखी बाईंच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओमुळं. त्यांनी कॅमेरा जमिनीवर ठेवून, मागून, नुसते पाय दाखवले होते. सात महिन्यांची सवय मोडायला पुढं चार महिने गेले.

हे मी आधीच कबूल करते, कारण पुढं मी जे म्हणणार आहे त्यावर पहिला दगड याच चुकीचा येणार आहे. ‘बघा, गुरूशिवाय शिकलं की असं होतं.’ होतं ना. पण मग गुरू कुठं होता, हा माझा प्रश्न आहे.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही अभिमानानं म्हणतो. या भारतातल्या परभणीत, पूर्णा तालुक्यातल्या आमच्या गावात गॅदरिंगला नाचायला शिकवणारे सर मिळतात, लग्नात डीजे मिळतो. कथक किंवा भरतनाट्यम शिकायचं तर एसटी धरून जिल्ह्याला जा, नाहीतर नांदेडला. संध्याकाळचा क्लास करून मुलगी परत कधी येणार, शेवटच्या गाडीचं काय, हे प्रश्न आमच्याकडं फीच्या आधी विचारले जातात. फी परवडली तरी बऱ्याच मुलींचं शिकणं या दोन प्रश्नांवरच थांबतं. त्यामुळं घरी शिकणं ही आमच्यासाठी आवड नाही आणि हट्टही नाही. दुसरा रस्ताच नाही.

टाळेबंदी उठल्यावर मी एका मोठ्या शहरातल्या क्लासमध्ये चौकशीला गेले. म्हटलं, सुट्टीत दोन महिने येऊ का? कुठं शिकलीस, असं विचारल्यावर मी खरं सांगितलं. उत्तर आलं, “ते सगळं आधी विसरून ये, मग बघू.” क्लासचं नाव सांगत नाही, कारण हे वाक्य एका क्लासचं नाहीच. माझ्यासारख्या घरी शिकणाऱ्या प्रत्येक पोरीनं ते कधी ना कधी ऐकलंय. माझा तीनतालाचा ठेका विचारला नाही. सोळा मात्रा, चार विभाग, टाळी एक, पाच आणि तेरावर, खाली नववर. हातावर टाळी देत बोल म्हणून दाखवले असते. पायही बघितले नाहीत. घरी शिकलेलं आहे, एवढ्यावर निकाल लागला.

तर आता या ‘घरी’बद्दल बोलू.

बिरजू महाराज कुठं शिकले? लखनौच्या घरात. वडील अच्छन महाराज, काका लच्छू महाराज आणि शंभू महाराज. लहानपणी घरात रियाझ चालायचा तो बघत, ऐकत. बालासरस्वतींच्या घरात आजी वीणा धनम्माळ होत्या, आई जयम्माळ गायच्या. आपल्या परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम घ्या. गोंधळ्याचं लेकरू संबळ कुठल्या क्लासात शिकतं? बापाच्या मागं बसून, रात्ररात्र जागून शिकतं. म्हणजे आपल्याकडची कला शतकानुशतकं घरातच शिकली गेली. त्या घरांना आपण घराणं म्हणतो आणि आमच्या घराला यूट्यूब म्हणून नाक मुरडतो.

यावर लगेच कुणी म्हणेल की त्या घरात गुरू बसलेला होता, तुझ्या घरात फोन आहे. बरोबर आहे. हा फरक खरा आहे, आणि मोठा आहे. पण मग आक्षेप ‘घरी’ शिकण्याला नाही, ‘कुणाच्या घरी’ याला आहे. आणि कुणाच्या घरी विद्या असावी हे आपोआप ठरत नाही. ते ठरवलं जातं.

भरतनाट्यमचंच बघा. हे नृत्य देवदासींच्या घराण्यांनी जपलं. गेल्या शतकाच्या तिसाव्या दशकात त्याला नवं नाव मिळालं, १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींनी कलाक्षेत्र उभं केलं, ‘चांगल्या घरच्या’ मुली शिकू लागल्या. १९४७ मध्ये मद्रासमध्ये देवदासी प्रथेवर बंदीचा कायदा आला. प्रथा जायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण ज्या बायकांनी ही कला जगवली, त्यांच्यातल्या बहुतेकींच्या लेकी मंचावरून गेल्या आणि कला मात्र राहिली. आज जे ‘शुद्ध शास्त्रीय’ म्हणून आम्हाला दुरून दाखवलं जातं, त्याचं क्लास, फी, अरंगेत्रम हे आजचं रूप शंभर वर्षांच्या आतलं आहे. ते अनादि नाही. एकदा बदललं, तर पुन्हा बदलू शकतं.

आणि आपण मराठी माणसं तरी याबाबतीत नाक मुरडायला नको होती. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याच्या कार्यक्रमाला आज दिसतो तो क्रम दिला, आणि त्याच दरबारात नृत्यासाठी मराठीतून रचना झाल्या. त्या रचना आपल्या काळात मंचावर आणणारे आचार्य पार्वतीकुमार मालवणचे. म्हणजे भरतनाट्यमला मराठी कळत होतं. आज मात्र मी पहिल्या अडवूचा मराठीतला नीट धडा शोधते, तर इंग्रजी आणि हिंदी व्हिडिओंच्या ढिगाऱ्याखाली हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतात.

‘पुस्तकातून, यंत्रातून विद्या येत नाही’ हा आक्षेपही नवा नाही. घराण्यातली चीज बाहेर जाऊ द्यायची नाही, ही एके काळी रीतच होती. तेव्हा भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ छापून कुणालाही विकत घेता येईल अशी केली. कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्गात बसवून गाणं शिकवलं. पुस्तकानं कुणी भीमसेन होत नाही, हे त्या दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी दार उघडलं, कारण दाराबाहेरच्या माणसाला आधी निदान आत काय आहे ते कळायला हवं. माझा फोन ही माझी क्रमिक पुस्तक मालिका आहे. ती अपुरी आहे. पुस्तकंही अपुरीच होती.

आता दुसऱ्या बाजूला. कारण मला फक्त क्लासवाल्यांशी भांडायचं नाहीये. ‘सात दिवसांत कथक’, ‘घरबसल्या प्रमाणपत्र’ म्हणणारे जे आहेत, त्यांच्याशी माझं भांडण जास्त मोठं आहे. ते आमच्या या अडचणीवरच दुकान चालवतात. पहिल्या धड्यातच घुंगरू विकतात, जे सुरुवातीला नकोतच, कारण घुंगरांच्या आवाजात पायाची चूक लपते. तळवा सपाट पडला की टाच आधी पडली, हे अनवाणी पायाच्या आवाजावरूनच कळतं. ते चक्कर शिकवतात, कारण चक्कर रीलमध्ये छान दिसते. अरैमंडीत गुडघे पावलांच्या दिशेनं उघडायला हवेत, नुसती पावलं बाहेर फिरवून गुडघे पुढंच राहिले तर ते दुखावतात, हे सांगायला त्यांना वेळ नसतो. आमच्या शेजारच्या एका पोरीनं शहाबादी फरशीवर असंच बसून बसून गुडघा धरला. दोन महिने तिला जिना चढवत नव्हता. घरच्यांनी नाचच बंद केला, आणि ‘बघ, म्हटलं होतं’ हे ऐकायला मिळालं ते वेगळंच.

लाइव्ह ऑनलाइन क्लासचंही सांगते. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो. तिकडं बाई समेवर आलेल्या असतात आणि इकडं मी अजून पंधराव्या मात्रेवर. त्यामुळं दोघींनी एकत्र ताल धरणं जमतच नाही. मी नाचते, त्या बघतात, मग बोलतात, एवढंच शक्य असतं. प्रामाणिक शिक्षक हे पहिल्याच दिवशी सांगतात. बाकीचे महिन्याची फी घेऊन “तुझी लय कच्ची आहे” म्हणतात.

हे सगळं मी का भांडते आहे? माझ्यापुरतं असतं तर गप्प बसले असते. मी काही नर्तकी होणार नाही, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं माझ्या उशाशी आहेत. पण माझी धाकटी बहीण नववीत आहे. गेली तीन वर्षं ती माझ्याबरोबर नाचते आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं नाचते. तिचा तत्कार पहिल्या दिवसापासून बरोबर आहे, कारण तिला सांगायला मी होते. पुढच्या वर्षी तिची दहावी. शास्त्रीय नृत्य-संगीताच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. या सवलतीला माझा विरोध नाही. पण परीक्षा द्यायची तर केंद्र जवळ हवं, तबल्याची साथ हवी, कुणीतरी तयारी करून घ्यायला हवी, आणि हे सगळं क्लास असतो तिथंच असतं. म्हणजे कागदावर हे कलेचे गुण आहेत आणि प्रत्यक्षात पत्त्याचे. पुण्यातल्या आमच्या मावसबहिणीला ते मिळतील. माझ्या बहिणीला पाय येतात, कागद येत नाही.

आई मात्र शांत असते. एकदा शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, “काय करायलीस गं माय, पोरींना नाचायला लावायलीस?” त्यांच्या डोक्यात नाच म्हणजे फड, तमाशा, आणि त्या शब्दाला चिकटलेली सगळी घाण. मला तेव्हा पटकन म्हणावंसं वाटलं की काकू, हे तसलं नाही, हे शास्त्रीय आहे. बरं झालं, म्हटलं नाही. कारण लावणीच्या बाईच्या पायातलं चाळही तालावरच पडतं, आणि कथक कोठ्यांवरही जगलं हे मला आता माहीत आहे. स्वतःला वर चढवायला दुसऱ्या बाईला खाली ढकलायचं, हे शास्त्रीयवाल्यांनी आमच्याशी केलंच की. आई म्हणाली, “फरशी फुटंना म्हंजे झालं.” विषय संपला.

तर मागणी काय? शिक्षकांना सांगणं आहे की तुमचं वरचं काय ते क्लासात राहू द्या, त्याचे पैसेही घ्या, हक्कानं घ्या. पण पाया उघडा करा. तत्कार, हस्तमुद्रा, तीनताल आणि पहिले अडवू, एवढं मराठीत, हळू, कॅमेरा मागं ठेवून, पाय दिसतील असं टाका. आणि बरोबर कसं करायचं यापेक्षा चुकतं कुठं ते आधी सांगा. परीक्षा घेणाऱ्यांना सांगणं आहे की पहिल्या दोन परीक्षा तरी तालुक्याला आणा. वर्षातून एक दिवस एक परीक्षक आणि एक तबलजी पूर्ण्याला येऊ शकतात. पूर्णा जंक्शन आहे, रेल्वे येते.

आणि माझ्यासारख्या घरी शिकणाऱ्या पोरींनो, तुम्हालाही. आरशावर भरवसा ठेवू नका. फोन जमिनीवर ठेवून स्वतःच्या पायांचा व्हिडिओ काढा आणि शिक्षिकेच्या व्हिडिओशेजारी लावून बघा. ती समोरून दिसत असेल तर तिचा उजवा तुमच्या डाव्या बाजूला येतो हे लक्षात ठेवा. रोज आधी हातावर टाळी देत बोल म्हणा, पाय नंतर. गुडघा दुखला की त्या दिवशी बंद. आणि वर्षातून एकदा का होईना, जाणत्या माणसाला पाय दाखवा. ‘मला गुरूची गरज नाही’ असं म्हणू नका, ते खोटं आहे. गरज आहे म्हणूनच तर एवढं भांडायचं. आणि तुम्हाला कुणी कौतुकानं एकलव्य म्हटलं तर खूश होऊ नका. त्या गोष्टीत अंगठा कुणाचा गेला ते आठवा.

बहिणीला मी सांगितलंय की गुण मिळोत न मिळोत, सोळा मात्रांत चूक चालणार नाही. ती रोज संध्याकाळी सहाला सतरंजी गुंडाळून ठेवते आणि फोन फरशीवर मांडते. कुणी शिक्षक नांदेड-परभणी गाडीनं जात असाल तर पूर्ण्याला उतरा, तिथून ताडकळस लांब नाही. नाव-गाव न विचारता फक्त तिचे पाय बघा आणि काय चुकतंय ते सांगा. चहा आईच्या हातचा.