परतीच्या वाटेवरचे पाय

पंढरपूरला जाणारी वारी सगळ्यांनीच पाहिलेली असते, निदान टीव्हीवर तरी. परतीची वारी बघायची तर आषाढाच्या अमावास्येच्या आसपास दुसरबीडला यावं. शेगावची गजानन महाराजांची पालखी जाताना अकोला, परळी, सोलापूर अशी जाते, त्यामुळे जाताना ती आमच्या वाट्याला येत नाही. परतताना मात्र बीड, जालना करत सिंदखेड राजाला विदर्भात शिरते आणि बीबी-लोणारकडे निघाली की आमचं गाव लागतं. 2025 साली 2 जूनला शेगावातून निघालेली पालखी 31 जुलैला परत पोचली. म्हणजे दोन महिने पायी, आणि त्यातले निम्मे पावसात.

बहुतेक दिंड्यांतली माणसं एकादशी झाली की एसटी धरतात. त्यात गैर काहीच नाही. घरी डवरणी खोळंबलेली असते. शेगावच्या पालखीतली मंडळी मात्र पौर्णिमेचा काला घेतात आणि पुन्हा पायीच निघतात. जाताना विठोबा ओढून नेतो, असं वारकरी म्हणतात. येताना कोण ओढतं? दर्शन झालेलं असतं, हौसही फिटलेली असते. माझ्या मते खरी वारी इथून पुढे सुरू होते, आणि इथून पुढे माणसाला माणूसच ओढतो.

गावात पालखी आली की लोक दर्शनाला धावतात. मी पाय बघतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, टाचेच्या भेगांत काळी माती रुतून बसलेली असते. आमच्या ओट्यावर एकदा एक वयस्क वारकरी टेकले. त्यांच्या शेजारच्याने टोपीत खोचलेली सुई काढली, दोरा ओवला, तळव्यावरच्या फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, कातडी शाबूत राहते. हे करताना दोघंही पावसापाण्याचं बोलत होते, पायाचं नाही.

"माउली, एवढं दुखतंय तर गाडीत बसा ना," मी म्हणालो. पालखीबरोबर दवाखान्याची गाडी असते.

"बसलो असतो," ते म्हणाले, "पण मग याच्या शेजारी कोण चालंल?"

त्या शेजाऱ्याची पेरणी साधली नव्हती. गेवराईजवळ असताना घरून फोन आला होता, दुबार पेरावं लागणार म्हणून. बियाण्याचे पैसे कुठून आणायचे, हा घोर घेऊन तो टाळ वाजवत होता. दोघांची गावं वेगळी, ओळख याच वारीतली. कोण कोणाला सांभाळत होतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लांबून चालत आलेला आणखी एक पाहुणा आमच्या जिल्ह्याने पाहिला आहे. टिपेश्वरच्या अभयारण्यातला टी-1 सी-1 हा तरुण वाघ. 2019 साली त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती म्हणून त्याची वाट कळली. यवतमाळ सोडलं, तेलंगणात डोकावला, मग शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत, दिवसा लपत, रात्री चालत नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटर फिरला आणि अखेर आमच्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तिथे शिकार होती, पाणी होतं. वाघीण नव्हती. त्याच्यासाठी एखादी आणून सोडावी का, यावर वनखात्यात विचारही झाला. मला त्या वाघाचं कौतुक आहे, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते त्याच्या एकटेपणाचं. वारकऱ्याचं तसं नसतं. त्याच्या पुढे एक पाठ असते, मागे एक टाळ असतो.

2020 आणि 2021 साली कोरोनामुळे पायी वारी नव्हती. त्या दोन आषाढांत आमचा रस्ता फार रिकामा वाटला.

आता गावकऱ्यांना एक विनंती. चहा-बिस्किटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटायला सगळेच पुढे येतात. पालखी येईपर्यंत वारकऱ्यांचं पोट भरलेलंच असतं. यंदा घरटी एक घमेलं गरम पाणी, मूठभर मीठ, खोबरेल तेलाची वाटी आणि एक कोरडं फडकं बाहेर ठेवा. ज्यांना जमेल त्यांनी बीबीपर्यंत सोबत चाला.