नुकसानभरपाई म्हणजे प्रायश्चित्त नव्हे

२-३ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि निद्रिस्त वस्त्यांचे स्मशान झाले. टाकीतील रसायन थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद होती. निसटता वायू जाळून टाकणारा मनोराही त्या रात्री निकामी होता. तरीही कंपनीचे म्हणणे काय? घातपात! कोणा असंतुष्ट कामगाराने टाकीत पाणी सोडले म्हणे. तो कामगार मात्र कंपनीने न्यायालयापुढे कधीच उभा केला नाही.

कंपनीने 'नैतिक जबाबदारी' तेवढी स्वीकारली, कायदेशीर दायित्व नाकारले. १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. अपराधाची कबुली तीत नव्हती. अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ रोजी अटकेत पडले, त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि सरकारी विमानाने दिल्लीला पोहोचले. केंद्रात आणि राज्यात तेव्हा काँग्रेसचेच राज्य होते. अँडरसन २०१४मध्ये अमेरिकेत वारले. खटल्यासाठी ते भारतात कधीच परतले नाहीत. २०१०मध्ये शिक्षा झाली ती भारतीय अधिकाऱ्यांना, दोन वर्षांची!

चूक मान्य केली तर दाव्यांचा पूर येईल, कंपनी बुडेल, असा युक्तिवाद कायदेपंडित करतात. मग डाऊ केमिकलचे काय? २००१मध्ये तिने कार्बाइड विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी कार्बाइडवरील टेक्सासमधील अ‍ॅस्बेस्टॉसचे दावे मिटवले. भोपाळचे दायित्व मात्र आपले नव्हे, असे ती सांगत राहिली. अमेरिकन माणसाच्या फुप्फुसाला मोल आहे आणि भारतीयाच्या फुप्फुसाला नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय?

आपल्या धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताच्या विचारात पापाचे ख्यापन, म्हणजे जाहीर कबुली, आणि अनुताप यांना मानाचे स्थान दिले आहे. नुसते द्रव्य देऊन पाप फिटत नाही. ही केवळ भावनेची बाब नाही. जो दोष मानत नाही, तो घाणही उपसत नाही. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५पर्यंत भोपाळमध्येच पडून होता आणि अखेर तो हलवण्याचा भार भारतीय करदात्यावर पडला.

परकीय भांडवलाचे स्वागत करताना यापुढे एक अट असावी : अपघात झाल्यास सत्य सांगावे लागेल, उत्तर द्यावे लागेल आणि क्षमाही मागावी लागेल. ही अट घालण्यास जे राष्ट्र कचरते, त्याच्या प्रजेच्या प्राणांचे मोल परके ठरवतात.