वांगावर ज्येष्ठमधाचा लेप

मैत्रिणींनो, बाळंतपण पार पडतं, पुन्हा घरकामाला लागावं तर एक दिवस आरशात दिसतात गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग! हेच ते वांग. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शरीरातील संप्रेरकं बदलतात. त्यात ऊन लागलं की त्वचेतलं रंगद्रव्य तिथे जास्त तयार होतं. यात तुमचा काही दोष नाही, आणि हा मळही नव्हे. तेव्हा चेहरा घासघासून धुऊ नका. घासल्याने डाग उलट गडद होतात.

आयुर्वेदात वांगाला 'व्यंग' म्हणतात. त्यावरच्या लेपांत मंजिष्ठा आणि ज्येष्ठमध ही नावं नेहमीची. ज्येष्ठमधाच्या मुळात ग्लॅब्रिडिन नावाचं द्रव्य असतं. रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला ते आवर घालतं. मात्र ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून घरच्या लेपाचा गुण अर्काच्या मलमापेक्षा सौम्य आणि सावकाश येतो.

कृती : ज्येष्ठमधाची वस्त्रगाळ पूड 1 चमचा व मंजिष्ठेची पाव चमचा, दुधाच्या सायीत कालवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 2 दिवस वाट पाहा. खाज, लाली नसेल तर आठवड्यातून 3 वेळा संध्याकाळी 15 मिनिटं डागांवर लावा आणि न चोळता गार पाण्यानं धुवा. मंजिष्ठेचा लाल रंग कपड्याला लागतो, तेव्हा पुसायला जुना पंचा घ्या.

दोन गोष्टी टाळा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजते. बावची ही पांढऱ्या डागांवरची वनस्पती. ती रंग वाढवते.

आणि रात्री लेप लावून दुपारी गच्चीवर उघड्या तोंडानं पापड वाळत घातलेत, तर सगळी मेहनत पाण्यात! छत्री, पदर आणि एस.पी.एफ. 30चं सनस्क्रीन हवंच.

शेजारणीनं सांगितलं म्हणून दुकानातून 'गोरं करणारी' ट्यूब मात्र मुळीच आणू नका. अशा कित्येक मलमांत स्टेरॉईड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, चार जणी कौतुक करतात. मग त्वचा पातळ आणि लाल होते, लव वाढते, मलम सोडलं की डाग परत हजर.

आपल्याला गोरं व्हायचं नाही, डाग फिके करायचे आहेत. 3 महिने नेमानं करा. फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना विचारा.