सुशीतला मासा सगळ्यांना दिसतो, भाताचं काय?

परवा एका मित्राने पुण्यातल्या जपानी हॉटेलात खाल्लेल्या सुशीचा फोटो टाकला. खाली धडाधड कॉमेंट, आणि सगळ्या कच्च्या माशावर. भातावर कुणी एक शब्द बोलेना. अहो, सुशी म्हणजे मुळात व्हिनेगर लावलेला आंबूस भात. मासा नसला तरी सुशी होते. भाताशिवाय नुसता कच्चा मासा ठेवला तर त्याला साशिमी म्हणतात.

मला स्वतःला जपानी जेवण आवडतं. घरी ओनिगिरी करतो, इंद्रायणीची. बासमतीचं हे काम नाही, तो मोकळाच राहतो. इंद्रायणी चिकट, हाताला मीठ-पाणी लावून मूठ वळायची, आत काहीतरी आंबट-खारट भरायचं. आई बघून म्हणाली, "हा तर भाताचा मुटका!" खरंच आहे की.

पण या मुटक्यापायी तिकडे एका मंत्र्याची खुर्ची गेली. आपल्याकडे ही बातमी दोन ओळींत संपली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२३ चा उन्हाळा जपानमध्ये भयंकर तापला, तांदळाचा दर्जा घसरला. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने मोठ्या भूकंपाचा इशारा दिला. लोकांनी घरात साठे केले, दुकानांतली फळ्यांची रांग रिकामी. ५ किलोची पिशवी जी २ हजार येनच्या आसपास मिळायची, ती मे २०२५ मध्ये ४,२०० येनच्या वर गेली. आपल्या पैशात किलोला पाचशेच्या घरात! तिथल्या साध्या खानावळीत, भात-सूप-लोणचं-एक भाजी किंवा मासा अशा ताटावर दुसऱ्यांदा भात फुकट मिळायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. आता मालकांना तोच भात जड व्हायला लागला. काही जणांनी परदेशी पर्यटकांवर खापर फोडलं. पर्यटक खाऊन खाऊन किती खाणार?

अशा वेळी कृषिमंत्री ताकू एतो एका सभेत बोलून गेले की, मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थक भरपूर आणून देतात. झालं! तीन दिवसांत राजीनामा. त्यांच्या जागी शिंजिरो कोइझुमी आले. त्यांनी सरकारी गोदामातला जुना तांदूळ थेट दुकानदारांना दिला, ५ किलो २ हजार येनच्या आसपास. लोक पहाटेपासून रांगेत.

मंत्र्याला घरी बसवलं म्हणून आपल्याकडचे लोक टाळ्या वाजवतील. मी नाही वाजवत. एक माणूस गेला, दुखणं तिथेच आहे.

दुखणं जुनं आहे. १९६२ साली जपानी माणूस वर्षाला ११८ किलो तांदूळ खायचा. आता पन्नास किलोच्या आसपास. ब्रेड आला, नूडल्स आल्या. तांदूळ उरायला लागला तसं सरकारने १९७० च्या सुमारास शेतकऱ्याला भात कमी लावायला सांगितलं, त्यासाठी पैसेही दिले. भाव टिकवायचा तर पीक कमी काढा, असा हिशोब. कागदावर ही पद्धत २०१८ ला संपली, सवय संपली नाही. वर बाहेरच्या तांदळावर किलोला ३४१ येन आयातशुल्क, ठरलेला कोटा सोडून. एवढं आवळून ठेवल्यावर एका वाईट उन्हाळ्यात दोर तुटणारच.

आणि पिकवणारा? तिथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय २०२४ मध्ये ६९ च्या पुढे होतं. पोरं शहरात. (ओळखीचं वाटतंय ना?) ३० मार्च २०२५ ला हेच शेतकरी टोकियोच्या रस्त्यावर ट्रॅक्टर घेऊन उतरले. खर्च भागत नाही, ही त्यांची ओरड. म्हणजे दुकानात तांदूळ महाग आणि शेतकरीही नाराज. कांद्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आठवा.

माझं मत सांगतो, पटलं तर बघा. कोइझुमींनी स्वस्त तांदूळ वाटला, ते त्या आठवड्यापुरतं बरोबर होतं. गोदाम मोकळं करून फोटो चांगले येतात. पण भाव पाडून शहर खूश ठेवायचं आणि पीक रोखून गाव खूश ठेवायचं, हे दोन्ही एकाच तिजोरीतून फार दिवस चालत नाही. पिकवू द्या, भाव पडला तर फरक थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्या. हे महाग पडेल, मान्य. न पिकवण्यासाठी पन्नास वर्षं पैसे मोजले, तेही स्वस्त नव्हतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान इशिबा यांनी उत्पादन वाढवायचं धोरण जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये सरकार बदललं. नवे कृषिमंत्री नोरिकाझु सुझुकी म्हणाले, मागणीपुरतंच पिकवायचं. नवा तांदूळ बाजारात आला तेव्हा पिशवी पुन्हा ४ हजार येनच्या वर होती.