फवारणीपूर्वी भिंग

मराठी वाचकास ज्या गावाचा पूर्वेतिहास सांगावा लागत नाही, त्या पानिपतची आजची ख्याती परदेशातून आलेली जुनी लोकरी वस्त्रे पिंजून पुन्हा सूत काढणाऱ्या कारखान्यांची आहे. आणि जेथे त्या वस्त्रांचे गठ्ठे ओल्या फरशीस टेकलेले असतात, किंवा जेथे कुंपणापलीकडे भाताची खाचरे भरलेली असतात, तेथून ऐन पावसाळ्यात "कानखजूरा निकला है, दवाई मार दो" अशी फिर्याद आली, की आपले व्यवसायबंधू मुद्देमाल न पाहताच पंप भरू लागतात.

कानखजुरा म्हणजे गोम; तिचे पाय मोजता मोजवत नाहीत. पण त्याच नावाने ज्याची फिर्याद येते त्या इअरविग या कीटकास पाय सहाच, आणि शेपटाशी चिमटा: नराचा बाकदार, मादीचा बहुधा सरळ. हा प्राणी कानात शिरत नाही, त्यास विष नाही, लोकरीस तो उपद्रव देत नाही. रात्री कुजका पाला, मावा, लहानसहान अळ्या आणि क्वचित कोवळी रोपे एवढाच त्याचा आहार. मादी तर मातीतील अंड्यांवर पहारा करते आणि बुरशी चढू नये म्हणून ती चाटून स्वच्छ ठेवते. इतके वात्सल्य कीटकसृष्टीत विरळाच.

खरी दक्षता हवी ती पेडरस या भुंगेऱ्याविषयी. आखूड पंखांमुळे तो ओझरत्या दृष्टीस इअरविगसारखाच भासतो. पण रंग नारिंगी-काळा, आणि चिमटा नाही. भातशेतीतून तो दिव्यावर येतो आणि अंगावर चिरडला गेल्यास त्यातील पेडेरिन या द्रव्याने एकदोन दिवसांत त्वचेवर फोड उठतात. त्यास इअरविग समजून भिंतीच्या पायथ्याशी औषध मारणारा दिवा मात्र तसाच जळत ठेवतो. पेडरस असल्यास खिडकीस जाळी लावावी, दाराबाहेरचा पांढरा दिवा काढून पिवळा बसवावा, आणि किडा चिरडू नये, फुंकून उडवावा, अशी ताकीद घरच्यांस द्यावी.

इअरविगसाठी गठ्ठे फळ्यांवर चढवावेत, कुंड्या व पालापाचोळा भिंतीपासून दूर सारावा, दाराखालची फट बुजवावी, बागेस पाणी सकाळी द्यावे. सायंकाळी ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी ठेवून सकाळी ती साबणाच्या पाण्यात झटकावी. एवढ्यानेही न भागल्यास बाहेरच्या कडेने मर्यादित फवारणी करावी.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील परवाना फवारण्याची मुभा देतो, सक्ती करीत नाही. परंतु बिलात औषधाचीच रक्कम लागते, तपासणीची लागत नाही, तोवर पंपाचा मोह सुटणे कठीण. म्हणून तपासणीची फी बिलात स्वतंत्र कलमाने मांडावी, आणि गिऱ्हाइकाने कुरकुर केल्यास त्यास भिंगातून किडा दाखवावा, असे आमचे मत आहे.